त्रेसष्ट जागा

चष्मेवाला: …झाला डावा डोळा. आता उजवा. मान सरळ ठेवा, काकू. ही चाचणीची फ्रेम जड असते, नाकाला टोचेल, पण दोन मिनिटांचा प्रश्न आहे. कार्ड तसंच हातात राहू दे, पुस्तक धरता तेवढ्याच अंतरावर. हां. वाचा वरपासून.

वहिनी: ‘छत्रीवाला दाराशी बसून होता.’

चष्मेवाला: फर्स्ट क्लास. पुढची ओळ.

वहिनी: ‘रस्त्याच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ उभा होता. बारा वर्षांनी.’

वन्सं: ही कसली हो गोष्ट? आमच्या वेळी चष्मेवाले नुसती अक्षरं दाखवायचे. मोठं अक्षर, बारीक अक्षर, झालं काम.

चष्मेवाला: सांगतो, मावशी, जरा थांबा. काकूंचं होऊ दे.

वन्सं: मावशी? तिला काकू आणि मला मावशी? आम्ही काय बहिणी-बहिणी दिसतो? ती माझ्या भावाची बायको आहे. ती तुमची काकू, तर मी तुमची आत्या. आधी नाती जुळवा, मग नंबर जुळवा.

चष्मेवाला: चुकलो, आत्या. बसा तुम्ही निवांत. पंखा वाढवू का? बरं. काकू, पुढे.

वहिनी: ‘त्याच्या हातात मोडलेली छत्री होती. ती वडलांची होती. “मला सांगायचं होतं,” धाकटा म्हणाला, “त्या वेळी मी—”’

चष्मेवाला: वा! आता शेवटची ओळ. ही अगदी मुंगीच्या पायाएवढी आहे. भल्याभल्यांना दिसत नाही. नाही दिसली तर सरळ नाही म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही.

वहिनी: ‘“असू दे,” छत्रीवाला म्हणाला. “आत ये.” मग त्यानं छत्री उघडून पाहिली. दोन काड्या गेल्या होत्या, बाकी ठीक होती.’

चष्मेवाला: कमाल आहे तुमच्या डोळ्यांची! सत्तरीच्या पुढे अशी नजर… एक मिनिट. काड्या?

वहिनी: काय झालं?

चष्मेवाला: काड्या कार्डावर नाहीत. कार्ड ‘आत ये’वर संपतं. पुढे जागाच नव्हती. तुम्ही ते कुठून… अरे देवा!

वन्सं: आता काय?

चष्मेवाला: आत्या, हसू नका. मघाशी डावा डोळा तपासताना उजव्यावर काळं झाकण लावलं होतं. आता डाव्यावर लावलं आणि उजव्यावरचं काढायलाच विसरलो. दोन्ही डोळे बंद आहेत काकूंचे!

वन्सं: म्हणजे ही अंधारात वाचत होती?

चष्मेवाला: पाच मिनिटं! आणि मी इथे ‘फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास’ करतोय. पंचवीस वर्षांत असा बावळटपणा केला नव्हता. पण काकू, तुम्ही तरी बोलायचं की! समोर काळोख झाला, तर ‘अहो, दिसत नाही’ एवढं म्हणायचं.

वहिनी: मला वाटलं, माझा उजवा डोळा गेलाच.

वन्सं: काय बोलतेस, वहिनी?

वहिनी: खरंच वाटलं. हल्ली त्यानं धूसरच दिसतं. यांनी भिंग बदललं आणि एकदम काही दिसेना. घाबरले. म्हटलं, यांना कळलं तर हे म्हणतील, आता वाचणं बंद. म्हणून बोलत सुटले. वरच्या ओळी डाव्या डोळ्यानं वाचल्या होत्याच. पुढचं येतं मला.

चष्मेवाला: थांबा, आधी हे झाकण काढू दे. हं. दिसतंय?

वहिनी: दिसतंय. तुमचा खिसा दिसतोय, त्यातला छोटा स्क्रूड्रायव्हर दिसतोय. कडा पुसट आहेत.

चष्मेवाला: डोळा जागेवर आहे म्हणायचा. मोतीबिंदू आहे थोडा, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. मी डॉक्टर नाही, मी आपला चष्मेवाला. पण ते मागाहून बोलू. आधी मला हे सांगा, तुम्हाला ती ओळ पाठ कशी? ‘दोन काड्या गेल्या होत्या, बाकी ठीक होती.’ ‘छत्रीवाल्याचं घर’, शेवटून दुसरं प्रकरण. म्हणजे तुम्हीही आमच्या जपानी लेखकाच्या वाचक?

वन्सं: अहो, वाचक कसली! ती तर त्या—

वहिनी: वन्सं.

वन्सं: अगं, पण सांगायला काय—

वहिनी: राहू द्या ना. हो, वाचलंय मी ते पुस्तक.

चष्मेवाला: काय सांगता! दुकानात हजार माणसं येतात, एकानं म्हणून ते कार्ड ओळखलं नव्हतं. लोक म्हणतात, छान गोष्ट आहे, पुढे काय झालं? मी म्हणतो, पुस्तक घ्या. कोणी घेत नाही. चष्मा घेतात आणि जातात. कंपनीचं कार्ड येतं ना, त्यावर ‘आरोग्य हीच संपत्ती’ छापलेलं असतं. माणूस ते न बघताच म्हणून टाकतो. म्हणून मी स्वतः हे छापून घेतलं. कोणाला पाठ नसणार, म्हटलं.

वन्सं: आणि जिला पाठ, ती नेमकी तुमच्याच खुर्चीत बसली.

चष्मेवाला: किती वाचलीत त्याची, काकू?

वहिनी: अकराच्या अकरा.

चष्मेवाला: टाळी द्या! मीही अकरा. चार दोनदा, आणि छत्रीवाला किती वेळा ते विचारू नका. ते बघा, फ्रेमच्या कपाटात वरच्या खणात. गिऱ्हाइकांना वाटतं शोभेला ठेवलीत. बारावं येणार म्हणून दर महिन्याला पुस्तकवाल्याचं डोकं खातो. तो म्हणतो, अहो, तो लेखक वारला, शेवटचं लिहून ठेवलंय, पण आपल्या भाषेत यायला वेळ आहे. कोण करतं कुणास ठाऊक ते काम. कोणी बाई आहेत म्हणे. नाव आतल्या पानावर इतक्या बारीक टायपात आहे, की चष्मेवाल्यालासुद्धा दिसू नये.

वन्सं: ऐकलंस? चष्मेवाल्यालासुद्धा!

वहिनी: ऐकलं. तुम्हाला त्याचं इतकं काय आवडतं?

चष्मेवाला: काकू, आवडतं हा शब्द तोकडा पडतो. मी ऋणी आहे त्याचा.

वन्सं: मला नाही बाई झेपत ती माणसं. मी एकदा दहा पानं वाचली. एक जण चहा पितो. दुसरा खिडकीबाहेर बघतो. मग दोघं गप्प. मी म्हटलं, अरे, कोणीतरी बोला!

चष्मेवाला: आत्या, तेच तर! ती माणसं बोलत नाहीत, बोलत नाहीत, आणि मग एकच शब्द बोलतात. ‘असू दे.’ बस्स. सगळ्या पुस्तकांत आहे तो. नावाडी बोलतो, शाळेतली ती शिपाईण बोलते, छत्रीवाला बोलतो. लेखकाची सहीच म्हणा ना. इतका साधा शब्द, आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण त्यानं तो असा ठेवलाय, की वाचताना पुढचं पान उलटवत नाही. का हो, काकू? डोळ्यांना त्रास होतोय का? दिवा कमी करू?

वहिनी: नको. तुम्ही सांगा. ऋणी का?

चष्मेवाला: घरची गोष्ट आहे. पण तुम्ही अकरा वाचलीत, तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझा एक थोरला भाऊ होता. हे दुकान आमच्या वडलांचं. मागे ती भिंगं घासायची मशीन दिसते ना, ती भाऊ चालवायचा, आणि मी इथे पुढे. आमची आई आजारी पडली. शेवटचे सात महिने मी तिचं सगळं केलं. भाऊ आला नाही. एकदाही नाही. गेल्यावर आला, दाराशी उभा राहिला, आणि मी लोकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. तो गेला निघून. दुसऱ्या गावात दुसऱ्याच्या दुकानात भिंगं घासायला लागला. आठ वर्षं तोंड पाहिलं नाही आम्ही एकमेकांचं.

वन्सं: आठ वर्षं! सख्खे भाऊ?

चष्मेवाला: सख्खे. एका ताटात जेवलेले. मग कोणीतरी गिऱ्हाईक एक पुस्तक विसरून गेलं. आठ दिवस वाट बघितली, कोणी आलं नाही, म्हणून उघडलं. ‘छत्रीवाल्याचं घर’. ते पान आलं. बारा वर्षांनी धाकटा येतो, सांगायला लागतो, ‘त्या वेळी मी…’ आणि थोरला त्याला पुढे बोलूच देत नाही. ‘असू दे. आत ये.’ काकू, मी दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं. तसाच गेलो भावाच्या गावी. त्यानं दार उघडलं. मला बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, ‘आईच्या वेळी मी…’ मी म्हटलं, ‘असू दे.’ दुसरं काही सुचलंच नाही. माझ्या तोंडून तो छत्रीवालाच बोलला.

वन्सं: मग?

चष्मेवाला: मग काय. चहा प्यायलो. दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

वन्सं: अगदी त्या पुस्तकासारखे!

चष्मेवाला: अगदी तसेच. परत आला तो. चार वर्षं मशीनवर बसला. काय गप्पा मारल्या आम्ही, काय भांडलो, मजा केली. सहा वर्षांपूर्वी गेला. त्याला आईचं आजारपण बघवलं नव्हतं, एवढंच होतं. घाबरट होता बिचारा. मीच त्याला आठ वर्षं राक्षस करून ठेवलं होतं. ती चार वर्षं मला त्या जपानी माणसानं दिली, काकू. ओळख ना देख, आणि चार वर्षं देऊन गेला. मी त्याला पत्रही लिहिलं होतं. प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडलं, म्हटलं भाषांतर करून पोचवा. उत्तर नाही आलं. मोठी माणसं, कोणाकोणाला उत्तरं देणार! माझी तक्रार नाही. आभार पोचले म्हणजे झालं.

वहिनी: एक विचारू?

चष्मेवाला: विचारा की.

वहिनी: त्या पानावर तो शब्द नसता तर? समजा, छत्रीवाला काहीच बोलला नसता. नुसती भावाच्या हातातली छत्री घेतली असती आणि दारातून बाजूला झाला असता.

चष्मेवाला: छे! मग काय मजा? मग मी काय बोललो असतो भावाशी? गेलोही नसतो कदाचित. नाही, नाही, तो शब्दच पाहिजे.

वहिनी: मूळ पुस्तकात तो नाहीये.

चष्मेवाला: काय नाहीये?

वहिनी: तो शब्द. मूळ पुस्तकात छत्रीवाला बोलतच नाही. छत्री घेतो आणि बाजूला होतो. तुमचं पत्र माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहे, सहा वर्षं. निळ्या शाईचं. पहिली ओळ, ‘आपल्या असू दे या शब्दाबद्दल मी आपला आजन्म आभारी आहे.’ ती बारीक टायपातली बाई मी आहे.

वन्सं: सुटले बाई एकदाची! पोटात दुखायला लागलं होतं माझ्या.

(चष्मेवाला हातातलं भिंग पेटीत ठेवतो, चुकीच्या खाचेत. पुन्हा काढतो. पुन्हा तिथेच ठेवतो.)

चष्मेवाला: तुम्ही… आणि पत्र पाठवलंच नाहीत?

वहिनी: भाषांतर करायला बसले होते. पहिल्याच ओळीला अडले. त्या शब्दाला जपानीत काय लिहू? ज्याचे आभार मानताय, त्याच्याकडे तो शब्दच नव्हता. मी घातला होता. पत्र वाचून तो मला विचारील, ‘बाई, हे मी कुठे लिहिलं?’ म्हणून राहिलं. उद्या करू, परवा करू. आणि मग तो लेखकच वारला.

चष्मेवाला: म्हणजे मी दहा वर्षं… म्हणजे छत्रीवाला बोललाच नाही?

वहिनी: नाही.

चष्मेवाला: आणि नावाडी? ती शिपाईण?

वहिनी: नावाडी म्हणतो, ‘पाणी ओसरेल.’ शिपाईण नुसती मान हलवते. प्रत्येकाचं वेगळं आहे. सगळ्या जागी मी तेच लिहिलं.

चष्मेवाला: काकू, रागावू नका, पण हे बरोबर नाही केलंत. गिऱ्हाइकानं एक नंबर सांगावा आणि मी माझ्या मनाचं भिंग बसवून द्यावं, तसं झालं हे.

वहिनी: मी कुठे म्हणते बरोबर केलं? आता प्रकाशक अकराही पुस्तकांचा नवा संच काढताहेत. नवी संपादिका आलीय, तरुण आहे, जपानी माझ्यापेक्षा चांगलं येतं तिला. तिनं सगळं शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. पिवळ्या चिठ्ठ्या लावून पाठवल्यात. त्रेसष्ट जागा. फार गोड भाषेत लिहिलंय, ‘इथे मूळ शब्द वेगळा आहे, पुन्हा पाहावं.’ त्रेसष्ट वेळा तेच वाक्य. शुक्रवारपर्यंत सगळं दुरुस्त करून द्यायचंय. एकवीस जागा खोडून झाल्या. मग अक्षरं दिसेनाशी झाली. वन्सं म्हणाल्या, नंबर वाढलाय, चला चष्मेवाल्याकडे.

चष्मेवाला: खोडताय? तो शब्द?

वहिनी: आत्ताच तर म्हणालात, बरोबर नाही केलंत.

चष्मेवाला: म्हणालो खरा. पण… तो शब्द आला कुठून मग? मूळ पुस्तकात नाही म्हणता, तर तुम्हाला सुचला कुठून?

वन्सं: थांब रे. आत्या म्हणालास ना मला? मग मध्ये बोलू नकोस आता. वहिनी, इकडे बघ. तो शब्द कुठला आहे, ते मी सांगू?

वहिनी: वन्सं, मी तुम्हाला कधीतरी सांगणार होते.

वन्सं: तो आमच्या दादाचा शब्द आहे.

वहिनी: हो.

चष्मेवाला: दादा म्हणजे काकूंचे…

वन्सं: हिचा नवरा. माझा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. आणि त्या एका शब्दानं मला वेड लावायचा! दूध उतू गेलं, असू दे. कोणी घड्याळ नेलं आणि परत फिरकलाच नाही, असू दे. मी तावातावानं भांडायला यावं, तर हा डोळ्याला ते गोल भिंग लावून बसलेला, वरसुद्धा बघायचा नाही. ‘असू दे गं, आलीस ना? बस.’ भांडण तिथेच फुस्स! माणसानं भांडायचं तरी कसं? मला तर तो शब्दच सहन व्हायचा नाही.

वहिनी: पहिलं पुस्तक करत होते तेव्हा आमच्याकडे एकच टेबल होतं. अर्ध्यावर यांची घड्याळं, अर्ध्यावर माझे शब्दकोश. तो नावाडी एक वाक्य बोलतो, ते मला चार दिवस सापडेना. ‘पाणी ओसरेल’ लिहिलं की नुसतं पाणीच ओसरायचं, बाकी काही व्हायचं नाही. चिडून मी शब्दकोश आपटला. यांची थाळी उलटली. त्यात एका मनगटी घड्याळाचे सगळे स्क्रू लावून ठेवलेले, ओळीनं. खोलीभर उडाले.

चष्मेवाला: अरे बापरे! माझ्या दुकानात एक स्क्रू पडला तर मी छत डोक्यावर घेतो.

वहिनी: मी रडायच्या बेतात. हे उठले, जमिनीवर बसले, आणि एकेक वेचायला लागले. म्हणाले, ‘असू दे. तू लिही.’

चष्मेवाला: आणि तुम्ही लिहिलंत.

वहिनी: तेच लिहिलं. नावाड्याच्या तोंडी घातलं. तो एकदम जिवंत माणूस झाला.

वन्सं: दोन दिवस स्क्रू शोधत होता तो! कपाटाखाली काठी घालून. मी आले होते तेव्हा. मला म्हणाला, हातून सांडले.

वहिनी: तुम्हाला तसं सांगितलं?

वन्सं: तुझं नाव घेतलं नाही त्यानं. कधीच घ्यायचा नाही. आणि मी तुझ्यावर राग धरून बसले, वहिनी. आज बोलतेच. दादा आजारी होता, त्याची वाचा गेली होती, आणि तू त्याच्या उशाशी बसून कागद काळे करत होतीस. दवाखान्यात मी ये-जा करायचे, आणि दार उघडलं की तुझी मान खाली, पेन चालू. मी मनात म्हणायचे, काय बाई आहे ही! नवरा तिकडे, हिचं जपान इकडे.

वहिनी: ते तिसरं पुस्तक होतं.

चष्मेवाला: छत्रीवाला.

वहिनी: हं. दोन महिने यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नर्सच्या हातून पाणी सांडलं, तर हे तिच्याकडे बघायचे, आणि मला कळायचं की हे तेच म्हणताहेत. पण ऐकू यायचं नाही. घरात बत्तीस वर्षं ऐकू येणारा आवाज बंद झाला होता. आणि मी त्या पानावर आले. छत्रीवाला गप्प. भावाकडे बघतोय आणि गप्प. वन्सं, मला ते गप्प लिहवेना. एवढी एक जागा होती माझ्याकडे, जिथे मी त्यांना बोलायला लावू शकत होते. मी लिहिलं.

वन्सं: तू तेव्हा हे लिहीत होतीस?

वहिनी: पहिल्या दोन पुस्तकांत मिळून तो शब्द चार वेळा आहे. त्या मुलीनं यादी करून पाठवली, तेव्हा मलाच कळलं. नंतरच्या नऊ पुस्तकांत एकोणसाठ वेळा. मी मोजून नव्हता घातला. मला यांचा आवाज ऐकायचा होता. लेखकाचं चुकलं नाही, माझंच चुकलं. म्हणून म्हटलं, जाण्याआधी सगळं जिथलं तिथे करून जाऊ.

वन्सं: माझा दादा त्रेसष्ट वेळा बोलतोय, आणि मला कोणी सांगितलंही नाही!

वहिनी: वन्सं, रडू नका.

वन्सं: रडू नको तर काय करू? मी मेलीनं दहा पानं वाचून पुस्तक ठेवून दिलं! अकराव्या पानावर असता तर?

वहिनी: सतराव्या पानावर होता.

वन्सं: बघा! सात पानांनी चुकला माझा.

चष्मेवाला: आत्या, हा घ्या रुमाल. चष्मे पुसायचा आहे, पण स्वच्छ आहे.

वन्सं: दे इकडे. आणि खोडरबर आहे का रे दुकानात?

चष्मेवाला: खोडरबर?

वन्सं: हिनं एकवीस ठिकाणी खोडलंय ना! शाईनं खोडलंस की पेन्सिलनं?

वहिनी: पेन्सिलनं.

वन्सं: नशीब माझं. दे खोडरबर. मी घरी जाऊन एकेक रेघ पुसते. ती संपादिका विचारील, तर सांग, माझ्या नणंदेनं मना केलंय.

वहिनी: असं नसतं हो, वन्सं. तिचं म्हणणं खरं आहे. वाचक लेखकाचं वाचायला येतो. हे बघा, समोरच आहेत. यांना वाईट वाटलं ना मघाशी?

चष्मेवाला: वाटलं. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आभाराचं पत्र चुकीच्या पत्त्यावर टाकलं मी. पण तुमचं बोलणं ऐकता ऐकता माझा हिशोब बदलला. ते दोन भाऊ कोणाचे? त्याचे. ती मोडकी छत्री, ते दार, तो थांबलेला माणूस, सगळं त्याचं. ते त्यानं नसतं आणलं, तर तुम्ही तो शब्द ठेवला कुठे असता? आणि तुम्ही शब्द नसता ठेवला, तर मी भावाच्या दारात मुक्यासारखा उभा राहिलो असतो. जपानी माणूस नुसता बाजूला झाला की त्याच्या भावाला कळत असेल. आम्हाला नाही कळत! आम्हाला सांगावं लागतं, ‘आत ये.’ तुमच्या यजमानांनी सांगितलं. कधी पाहिलं नाही मी त्यांना, आणि त्यांच्या तोंडचा घास घ्यावा तसा शब्द उचलून मी माझ्या भावाला दिला. आभार तिघांचे आहेत, काकू. दोघं गेले. एक समोर बसलीय, तिचे तरी नीट मानू द्या.

वहिनी: माझे कसले…

चष्मेवाला: तुमचेच. ते पत्र आता कुठे पाठवू नका. ते तुमचंच आहे, खणात राहू दे.

वहिनी: आणि त्या मुलीला काय लिहू?

चष्मेवाला: खरं तेच लिहा. अकरा पुस्तकांच्या पहिल्या पानावर. हा शब्द लेखकाचा नाही, तो अमक्याचा आहे, आणि तो मी का ठेवला. ज्याला मूळ हवं त्याला मूळ कळेल, आणि माझ्यासारख्याला शब्द मिळेल. चोरी कशाची मग?

वहिनी: ‘मूळ पुस्तकांत हा शब्द नाही. तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा आहे. जिथे जिथे तो आला आहे, तिथे लेखकानं काय लिहिलं होतं, ते शेवटी दिलं आहे.’ असं?

वन्सं: अगं बाई, आत्ताच्या आत्ता लिहिलंसही! रे, कागद दे हिला.

वहिनी: राहील लक्षात, वन्सं.

चष्मेवाला: आणि नाव मोठ्या टायपात छापायला सांगा. हे मी चष्मेवाला म्हणून सांगतोय. चला, आता नंबर काढायचा राहिलाय. मघाचं सगळं रद्द. तुमचं काही धरता येत नाही, काकू, तुम्ही अंधारात वाचणाऱ्या! हे कार्ड ठेवा बाजूला.

वन्सं: ते मला दे. मला माझ्या चष्म्यानं बघायचंय.

चष्मेवाला: घ्या, आत्या. तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे अजून आहेत. काकू, हे जुनं कार्ड, कंपनीचं. उजव्यावरचं झाकण काढलंय, बघा, हातात आहे माझ्या. खरं-खरं वाचायचं. नाही दिसलं तर नाही म्हणायचं. डॉक्टरांना चिठ्ठी मी लिहून देतो. मोतीबिंदू काढून घ्या, दोन महिन्यांत ठणठणीत व्हाल. मला बारावं हवंय.

वहिनी: ‘आरोग्य हीच संपत्ती.’

चष्मेवाला: ते सगळ्यांनाच दिसतं. पुढे.

वहिनी: ‘सकाळी लवकर उठावे.’ ‘भरपूर… पाणी प्यावे.’

चष्मेवाला: हं. त्याखालची?

वहिनी: ‘डोळ्यांची… डोळ्यांची निगा…’ नाही. पुढचं नाही दिसत.

चष्मेवाला: भिंग बदलतो. आता?

वहिनी: नाही. शेवटची ओळ मला नाही दिसत हो. खरंच नाही दिसत. वन्सं, बेचाळीस जागा बघायच्या राहिल्यात अजून.

वन्सं: असू दे. मी वाचते.